तोंडाचा कॅन्सर बरा झाला, मग छातीत डाग निघाला. तो 'पसरला'च असतो का?

शेजारच्या वाडीतल्या एका अण्णांच्या गालाचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. तंबाखू सुटली, संध्याकाळची बिडी मात्र राहिली. औंदा ज्वारीच्या काढणीत खोकला धरला. दोन महिने मेडिकलमधल्या बाटल्यांवर काढले, मग एक्स-रे केला तर डाग. पोरं म्हणाली, "पसरला. आता कशाला हाल करायचे?"

आपल्याकडं 'पसरला' म्हटलं की माणूस घरी आणून झोपवतात. पण दरवेळी तो पसरलेलाच असतो असं नाही.

धूर ओढला की तोंड, घसा, स्वरयंत्र, श्वासनळी, फुप्फुस ही सगळी वाट आतून भाजत जाते. कोपऱ्यातलं तण उपटलं तरी बी सगळ्या वावरात पडलेलं असतंय, तसंच हे. अमेरिकेतल्या स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच लिहून ठेवलंय, की गाठीच्या भोवतालचा चांगला दिसणारा भागही बिघडलेला असतो. म्हणून तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्याला पुढं फुप्फुसात दुसराच, नवा कॅन्सर होऊ शकतो. फुप्फुसाचा झालेल्याला घशाचाही होतो.

फरक काय पडतो? पसरलेला म्हणजे आजार पुढं गेलेला. नवा आणि लहान असला तर ऑपरेशनने किंवा शेकाने बरा होण्याची आशा असते. दोन्हीचा तुकडा दुर्बिणीखाली पुष्कळदा सारखाच दिसतो. म्हणून डॉक्टर आणखीही बघतात: डाग एक की अनेक, मानेत गाठ आहे का, पहिल्या आजाराला किती वर्षं झाली. म्हणून जुनी फाईल आणि रिपोर्ट फेकू नका. पहिल्या दवाखान्यातच दाखवलेलं बरं.

तिसरी शक्यता टीबीची. थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. नुसत्या एक्स-रेवर गोळ्या सुरू करून सहा महिने घालवले आणि शेवटी निघाला कॅन्सर, असं होऊ देऊ नका.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे-लावणारे निघाले, ओढणारे ३.८ टक्के. म्हणून फुप्फुसाचा विषय आपला नाही असं वाटतं. पण दिवसा चुना-तंबाखू आणि रात्री बिडी असे कितीतरी जण पारावर रोज भेटतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठं मिळते हे मी लिहायची गरज नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. दरवेळी मुंबईला परळला धावायलाच पाहिजे असंही नाही, बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. तंबाखू-बिडी सोडायला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. ऑपरेशननंतर बिडी चालू ठेवली तर दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढतो. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणं, वजन उतरणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

अण्णांना पोरांनी शेवटी नेलं. गेल्या आठवड्यात तुकडा काढलाय, रिपोर्ट यायचाय. बिडीचा कट्टा मात्र वहिनींनी त्याच दिवशी चुलीत घातला.