गेम चांगला की वाईट हे सोडा, हरल्यावर काय होतं ते बघा!

ऑगस्ट २०२५. २० तारखेला लोकसभेत ऑनलाईन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही होऊन कायदाही झाला. तीन दिवसांत सगळा खेळ आटोपला. ड्रीम ११ सारख्या बड्या कंपनीनं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि टीम इंडियाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं.

तेव्हापासून अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत अनेक आई-बापांचा समज झालाय की, चला, सरकारनं गेम बंद केले, पोट्टे आता अभ्यासाला लागतील.

पण पोट्टे अजूनही मोबाईलमध्येच आहेत. कारण कायद्यानं गेम बंद केलेले नाहीत. कायद्यानं बंद केला तो एक विशिष्ट प्रकार. बाकीच्या गेममध्ये पैसा आणि वेळ कसा जातो, हे त्या गेमचे नियम ठरवतात. म्हणून ते नियम कसे बांधलेत, हे समजून घेणं गरजेचं आहे.

कायद्यानं नेमकं काय बंद केलं?

कायद्यात तीन खाने आहेत. पहिला ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा. दुसरा ऑनलाईन सोशल गेम, म्हणजे करमणुकीचे गेम. तिसरा ऑनलाईन मनी गेम. पैसे किंवा पैशासारखं काहीतरी डावावर लावायचं आणि जिंकून जास्त मिळेल अशी आशा ठेवायची, हा तिसरा प्रकार. बंदी आहे ती या तिसऱ्यावर.

असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

आता गंमत बघा. सोशल गेमला प्रवेश फी किंवा महिन्याची वर्गणी घेता येते, फक्त ती डावाची रक्कम नसावी. मग ज्या गेममध्ये पैसे आत जातात, पण बाहेर कधीच येत नाहीत, त्याचं काय? व्याख्येचा साधा अर्थ घेतला, तर जिंकून पैसे मिळण्याची आशाच नाही, म्हणजे तो मनी गेम नाही. रोल-प्लेइंग गेम बहुतेक याच खान्यात बसतात.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर तुम्ही एक पात्र तयार करता. योद्धा, जादूगार, वैद्य, जे आवडेल ते. ते पात्र घेऊन तुम्ही अशा जगात शिरता जिथं हजारो लोक एकाच वेळी वावरत असतात. पात्र लढतं, कमावतं, मोठं होतं. तुम्ही झोपलात तरी ते जग सुरूच असतं.

याची सुरुवात १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी ‘मड’ नावाचा गेम बनवला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. पुढं १९९६ मध्ये बार्टल यांनी एक लेख लिहिला आणि सांगितलं की अशा गेममध्ये चार प्रकारची माणसं येतात.

काही कमावणारे असतात, त्यांना लेव्हल आणि हत्यारं हवीत. काही भटके, त्यांना नकाशाचा कानाकोपरा बघायचाय. काही गप्पिष्ट, ते फक्त दोस्तांसाठी येतात. आणि काहींना दुसऱ्याला हरवण्यातच मजा वाटते. एकाला आवडेल तो नियम दुसऱ्याला नकोसा वाटतो. गेमच्या डिझाईनवरून होणारी बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

आपल्याकडे लोकप्रिय असलेले बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स हे या अर्थानं रोल-प्लेइंग गेम नाहीत, ते लढाईचे गेम आहेत. पण लेव्हल, कपडे, रोजची कामं, नशिबाच्या पेट्या ही सगळी अंगं रोल-प्लेइंग गेममध्येही असतात आणि यांच्यातही. त्यामुळे पुढचा हिशोब दोघांनाही लागू पडतो.

संजीवनी, गामिनी, अमर

गेमचे नियम कसे असावेत ही चर्चा वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. याच मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं.

त्या काळात कबड्डी एकच नव्हती. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत एकदा बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडायचाच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळायचा.

आता मोबाईल हातात घ्या. मेल्यावर मॅच संपेपर्यंत बाहेर बसायचं, ही गामिनी. दोस्तानं येऊन उठवलं, ही संजीवनी. मेलं की लगेच पुन्हा उभं राहायचं आणि फक्त गुण मोजायचे, हा अमर. नावं बदलली, प्रश्न तोच राहिला: हरल्यावर काय होतं?

हा प्रश्न महत्त्वाचा का? कारण हरण्याची शिक्षा जितकी कडक, तितकी जिंकण्याची किंमत मोठी, आणि नव्या गड्याला टिकणं तितकंच अवघड. गामिनीत कच्चा गडी बराच वेळ नुसता बघत बसतो. संजीवनीत तो पुन्हा मैदानात येतो आणि शिकतो. आजच्या कबड्डीत गडी जिवंत होऊन परत येतो, म्हणजे संजीवनीचाच नियम टिकला. लोकांना कोणता नियम भावला, हे यावरून कळतं.

मात्र कबड्डीत संजीवनी फुकट होती. मोबाईलमधल्या काही गेमनी ती विकायला काढली.

वेळ कुणाच्या हिशोबानं?

२००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमनं जग वेडं केलं. २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. सुरुवातीला त्यातल्या मोठ्या मोहिमांना ४० जण एकत्र लागायचे, तेही कित्येक तास.

हे वऱ्हाडात करून बघा. ४० जणांची मोहीम रंगात आलीय आणि भारनियमन सुरू झालं, वायफाय गेलं. किंवा आईनं जेवायला हाक मारली. ऑनलाईन गेममध्ये थांबा म्हणायची सोय नसते. तुम्ही उठलात की बाकीचे ३९ जण अडचणीत. म्हणून ज्याच्याकडे क्लासनंतरचा अर्धा तास, एक मोबाईल आणि गल्लीतले तीन दोस्त आहेत, त्याला चौघांची छोटी मॅच सोयीची वाटते. ही आवड नुसती मनातून येत नाही, ती दिनक्रमातून आणि खिशातून येते.

कंपनीलाही हे कळलं. डिसेंबर २००९ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एक सोय आली. बटण दाबा, संगणकच तुम्हाला अनोळखी साथीदार जुळवून देईल. वेळ वाचला. पण जुने खेळाडू चिडले. त्यांचं म्हणणं होतं की आधी माणसं शोधावी लागायची, ओळखी व्हायच्या, चुकार माणसाचं नाव सगळीकडे व्हायचं. आता कोणी कुणाला नमस्कारही करत नाही.

त्यांना जुना गेमच परत हवा होता. २०१३ मध्ये कंपनीच्या मेळाव्यात एकानं तशी मागणी केली, तेव्हा जे. ॲलन ब्रॅक यांनी उत्तर दिलं की तुम्हाला ते हवंय असं तुम्हाला फक्त वाटतंय. २०१६ मध्ये चाहत्यांनी परस्पर चालवलेला जुना सर्व्हर कंपनीनं बंद करायला लावला, आणि त्याविरुद्धच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनं स्वतःच जुना गेम ‘क्लासिक’ म्हणून परत आणला. सर्व्हरवर रांगा लागल्या.

पैसा कुठून जातो?

इथं नीट लक्ष द्या, कारण झळ इथंच बसते.

पहिला प्रकार सरळ वर्गणीचा. महिन्याचे ठरलेले पैसे द्या आणि खेळा. दुसरा, फक्त दिसण्यासाठी कपडे विकायचे. घेतले तर छान दिसाल, नाही घेतले तरी ताकद तीच. खेळाडूंचा या दोन्हीला फारसा विरोध नसतो.

तिसरा प्रकार ताकद विकायचा. कमी ताकदीचा गडी महिनाभर राबतो आणि पैसेवाला एका रात्रीत पुढं जातो. चौथा प्रकार नशिबाच्या पेटीचा. पैसे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशिबावर. जत्रेतल्या सोडतीसारखं, फक्त ही जत्रा रोज भरते.

२०२० मध्ये आलेल्या गेन्शिन इम्पॅक्टमध्ये जास्तीत जास्त ९० वेळा प्रयत्न केल्यावर वरच्या दर्जाचं बक्षीस नक्की मिळतं. पण ते तुम्हाला हवं होतं तेच असेल याची खात्री नाही. ८० प्रयत्न झालेला माणूस विचार करतो, आता दहाच राहिले, कशाला सोडायचं? आधी घातलेला पैसाच त्याला पुढचा पैसा घालायला लावतो.

बाकीच्या देशांनी यावर काय केलं? २०१७ मध्ये चीननं पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं सक्तीचं केलं. २०१८ मध्ये बेल्जियमनं पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पेट्या जुगारात मोजल्या. २०२२ मध्ये डायब्लो इमॉर्टल आला, तेव्हा कंपनीनं बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो काढलाच नाही.

आपल्याकडे? २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ३ तास आणि ७००० रुपये अशी मर्यादा होती. मर्यादा असणं चांगलंच. पण आकडा बघा. त्याच २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५७२६ रुपये होता, लांब धाग्याचा ६०२५. म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला एका दिवसात क्विंटलभर कापसापेक्षा जास्त पैसे गेममध्ये घालता येतील, अशी ती ‘मर्यादा’ होती. ती वऱ्हाडातलं घर डोळ्यासमोर ठेवून ठरवलेली नव्हती, हे उघड आहे.

खेळाडूंचं कोणी ऐकतं का?

ऐकतं, पण एकट्याचं नाही.

रूनस्केप हा २००१ सालचा ब्रिटिश गेम. २०१३ मध्ये त्याची जुनी आवृत्ती परत आणावी का, यावर कंपनीनं मतदान घेतलं. चार लाखांहून जास्त मतं पडली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. त्यानंतर तिथं नवा नियम किंवा नवी भर घालायची तर खेळाडूंचं मतदान होतं. आधी ७५ टक्के होकार लागायचा, आता ७० टक्के लागतो. ग्रामसभेत ठराव मांडावा तसं.

मुख्य रूनस्केपमध्ये ‘ट्रेझर हंटर’ नावाची नशिबाची पेटी वर्षानुवर्षं होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनं खेळाडूंना सांगितलं की एक लाख मतं पडली तर ती काढून टाकू. काही दिवसांतच एक लाखाचा आकडा पार झाला.

भारतात कंपन्यांना खेळाडू मोठ्या संख्येनं मिळतात, पण नियमांवरचा आपला आवाज तेवढा मोठा नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस बॅटल रॉयल’ आणला. गेम बनवणारे आता आपल्याच राज्यात आहेत. त्यांच्यापर्यंत मागणी पोहोचवणं तुलनेनं सोपं आहे.

मग घरात काय विचारायचं?

पोराच्या हातातून मोबाईल हिसकण्याआधी त्याच्या शेजारी बसून पाच गोष्टी विचारा. पोट्टेहो, तुम्हीही स्वतःला विचारा.

१. हरल्यावर काय होतं? पुन्हा उभं राहायला पैसे लागतात का?

२. एक डाव किती वेळाचा आहे? मध्येच उठलं तर दुसऱ्याचं नुकसान होतं का? होत असेल तर जेवणाच्या दहा मिनिटं आधी हाक मारा. निम्मं भांडण तिथंच मिटेल.

३. एक दिवस गेम उघडला नाही तर आधीचं काही हातचं जातं का? जात असेल तर ती करमणूक कमी आणि हजेरी जास्त आहे.

४. पैसे देऊन दिसणं विकत मिळतं की ताकद? आणि जे मिळणार ते आधी कळतं की पेटी उघडल्यावर?

५. खात्याला कुणाचं यूपीआय किंवा कार्ड जोडलंय? प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागतो का? हे आजच तपासा.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर तासभर खेळल्यानं काही बिघडत नाही. उलट दहा अनोळखी माणसांना सोबत घेऊन काम तडीस न्यायचं, हे कौशल्य अशा गेममध्ये शिकता येतं. उत्तरं वाईट असतील, तर गेम कायद्यानं चालू असला तरी घरात त्यावर बोलायलाच हवं.

कायद्यानं डाव लावणाऱ्या गेमचं दार बंद केलं. नशिबाच्या पेटीचं दार आपल्याकडे अजून उघडंच आहे, आणि निदान आज तरी त्यावर नजर ठेवायचं काम घरच्यांचं आणि खेळणाऱ्यांचं आहे.