उष्णतेची खतावणी



या सदरातून आपण आजवर व्याज, विमा, वारसनोंद आणि ठेवींचे निरनिराळे प्रकार यांविषयी विचारविनिमय केला. आजचा विषय मात्र शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ऊर्जा, उष्णतेचे वहन आणि ऊर्जेची साधने हे धडे असतात. परीक्षा संपली की ते विस्मरणात जातात आणि पुढे आयुष्यभर आपण विजेची देयके व गॅसचे सिलिंडर यांवर पैसे मोजत राहतो. व्यापारी घरातील माणसाला हे धडे परके वाटण्याचे कारण नाही. मुळात ते जमाखर्चाचेच धडे आहेत.

ज्याच्या नावाने ऊर्जेचे एकक ओळखले जाते, तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा इंग्लंडमधील एका कारखानदाराचा मुलगा. वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र वापरले तर परवडेल का, असा अस्सल व्यापारी प्रश्न त्याला पडला. हिशेबाअंती बॅटरीतील जस्तापेक्षा कोळसाच स्वस्त ठरला. परंतु या खटाटोपातून त्याचे लक्ष उष्णतेकडे वळले. १८४०च्या दशकात त्याने पाण्यात वल्ह्यांसारखी पाती बसवून ती खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने फिरवली आणि पाणी किती तापते हे मोजले. जितके काम खर्ची पडले, तितकी उष्णता पाण्याच्या खाती जमा झाली होती. ऊर्जा निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, ती केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, हा नियम पक्का होण्यात या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. दुहेरी नोंदीच्या पद्धतीचा याहून चोख नमुना निसर्गात सापडणार नाही.

आता आपल्या देयकावरील ‘युनिट’ पाहू. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ज्यूलच्या मापाने ते ३६ लाख ज्यूल, म्हणजेच ३,६०० किलोज्यूल. वॅट हा खर्चाचा वेग आहे आणि युनिट हा एकूण खर्च. दोन हजार वॅटचा गिझर दहा मिनिटे चालला तर युनिटचा तिसरा हिस्सा खर्ची पडतो. पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसरात्र फिरला तर पावणेदोन युनिटांहून अधिक होतात. कोणते उपकरण मोठे, एवढेच पाहून भागत नाही. ते किती वेळ चालते हेही पाहावे लागते.

हिशेब इतका जुळत असेल, तर मग ‘ऊर्जा वाचवा’ असे म्हणण्याचे प्रयोजन काय? उत्तर असे की, ऊर्जेची रक्कम कायम राहते, परंतु तिची प्रत उतरते. वीज ही रोख रकमेसारखी आहे. तिच्याने दिवा लागतो, यंत्र फिरते, संगणक चालतो. न्हाऊन मोरीत वाहून गेलेले कोमट पाणी हे बुडीत येण्यासारखे आहे. त्यातील उष्णता खात्यावर दिसते, पण तिच्याने व्यवहार होत नाही. म्हणून जे काम उतरत्या प्रतीच्या ऊर्जेने होण्यासारखे आहे, त्यासाठी उंची प्रतीची ऊर्जा खर्चणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

याचे उदाहरण आपल्या घरात आणि नाशिकच्या वेशीवर, असे दोन्हीकडे एकदम पाहता येते. नाशिकरोडजवळचे एकलहरे औष्णिक वीज केंद्र सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७०-७१ साली तेथे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले. ते आता निवृत्त झाले आहेत. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. रेल्वेने कोळसा येतो, गोदावरीचे पाणी मिळते, बाष्पकात वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनने जनित्र. कोळशात असलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा तारांमध्ये वीज होऊन शिरतो. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून वातावरणात जाते. दुरून दिसणारे ते पांढरे ढग म्हणजे बहुतांशी पाण्याची वाफ, आणि त्या वाफेबरोबर निघून जाणारी आपली उष्णता.

पाच माणसांच्या कुटुंबाला हिवाळ्यात स्नानासाठी शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायचे आहे, असे समजू. एक लिटर पाणी एक अंशाने तापण्यास ४.२ किलोज्यूल लागतात. शंभर गुणिले वीस गुणिले ४.२, म्हणजे ८,४०० किलोज्यूल, अर्थात सुमारे सव्वादोन ते अडीच युनिटे. आपल्याकडील औष्णिक केंद्रांत एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका कुटुंबाच्या एका सकाळच्या स्नानासाठी दीड किलोहून अधिक कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक. तेव्हा अर्धा किलो राखही मागे उरते. या राखेपासून विटा व सिमेंट होते हे खरे. परंतु उरलेली राख कोणाच्या तरी गावाशेजारी साठते आणि वाऱ्याबरोबर कोणाच्या तरी अंगणात पडते. आपल्या देयकावर हा खर्च दिसत नाही. तो कोणी तरी भरतो एवढे निश्चित.

हेच काम गच्चीवरील सौर जलतापक सूर्याकडून करवून घेतो. सौर पॅनेल अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची वीज करते. जलतापक त्याच उन्हाची निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवतो. पाणीच तापवायचे असेल तर उन्हाची आधी वीज आणि विजेची पुन्हा उष्णता करण्याचा फेरा कशासाठी? पावसाळ्यातील ढगाळ दिवस वगळले, तर नाशिकचे ऊन या कामी पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले. आपल्यापैकी अनेक घरांत पिण्याचे पाणी उकळून घेण्याचा नियम आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळते. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून तेथवर नेण्यास सुमारे ६,१०० किलोज्यूल लागतात. शेगडीची चाळीस टक्के उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते असे धरले, तर रोज साधारण सव्वादोनशे ग्रॅम गॅस लागतो आणि वर्षाकाठी पावणेसहा सिलिंडर. यात काटकसर कशी करावी हे पाठ्यपुस्तकच सांगते. पाणी उकळू लागले की त्याचे तापमान पुढे चढत नाही. त्यानंतरची मोठी आच केवळ वाफ करण्यात जाते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होण्यास ते पाणी उकळीपर्यंत आणण्याच्या सातपट उष्णता लागते. तेव्हा भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच मंद करावी. नियम तंतोतंत पाळला जातो आणि अग्नीचा आरंभही कमी होतो. आपल्या घरांतून वापरला जाणारा ‘जयणा’ हा शब्द येथे भौतिकशास्त्राशी सहज जुळतो.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते, हेही येथेच दिसते. भांड्याच्या बुडातून ती वहनाने आत शिरते. तळचे तापलेले पाणी हलके होऊन वर येते व वरचे थंड पाणी खाली जाते, हे अभिसरण. ज्वालेची धग दूर उभे राहूनही गालाला लागते, ते प्रारण. आपल्या भांडीबाजारात तांब्याच्या बुडाच्या पातेल्यांची महती सांगितली जाते. तांबे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक आहे हे सत्य आहे. त्यामुळे आच सारखी पसरते आणि शिरा करपत नाही. पाणी उकळताना मात्र गॅसची खरी बचत धातूपेक्षा झाकणाने आणि बुडाबाहेर न जाणाऱ्या ज्वालेने होते. उकळलेले पाणी परातीत ओतून निववण्याची जुनी रीत तितकीच शास्त्रशुद्ध आहे. पृष्ठभाग वाढला की बाष्पीभवन वाढते आणि निघणारी वाफ उष्णता घेऊन जाते.

दुकानदारांनी प्रारणाकडे विशेष लक्ष द्यावे. पत्र्याच्या गोदामात दुपारी जाणवणारी तलखी बव्हंशी तापलेल्या पत्र्याच्या प्रारणाची असते. पत्र्याला पांढरा रंग दिला तर ऊन आत शिरण्यापूर्वीच परतवले जाते. पंखा हवा थंड करीत नाही, तो अंगावरील घाम सुकवतो. म्हणून रिकाम्या गाळ्यात फिरणारा पंखा म्हणजे ग्राहक नसताना उघडे ठेवलेले दुकान.

आता ऊर्जेच्या साधनांकडे वळू. बँकेत कर्जप्रकरण हाती आले की माझा पहिला प्रश्न असे: परतफेड चालू उत्पन्नातून होणार की भांडवल मोडून? ऊर्जेलाही हाच प्रश्न विचारावा. आपल्याकडील बहुतेक कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा, म्हणजे त्या काळच्या सूर्यप्रकाशाची मुदत ठेव. ती आपण एक-दोन शतकांत मोडून खात आहोत आणि नवी ठेव कोणी ठेवणार नाही. ऊन, वारा आणि कोयनेसारख्या प्रकल्पाला मिळणारे पावसाचे पाणी हे रोजचे उत्पन्न. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तारापूरचे अणुकेंद्र १९६९ पासूनचे. तेथे युरेनियम लागते, म्हणजे तेही भांडवलच, परंतु थोड्याशा इंधनात पुष्कळ ऊर्जा देणारे. उत्पन्नाच्या साधनांचा एक दोष मान्य केला पाहिजे: ती आपल्या सोयीने येत नाहीत. सूर्य मावळल्यावरही दिवे लावायचे असतात, म्हणून आज तरी एकलहऱ्यासारख्या केंद्रांना रजा देता येत नाही. त्यांच्यावरील भार हलका करणे मात्र आपल्या हाती आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला छतावरील सौर संचासाठी पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये, तर तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेस कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. दुकानाच्या व्यापारी मीटरला ते लागू नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीरहित जागा लागते आणि दिवसाकाठी सरासरी चार युनिटे मिळतात. करारावर सही करण्यापूर्वी त्या वेळचे नियम वाचावेत, संरचनेची मजबुती तपासावी आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबर महिन्यात कोठवर येते ते पाहावे.

तूर्त एवढेच सुचवितो की, घरातील नववी-दहावीच्या मुलामुलींकडे महिनाभरासाठी एक वही सोपवावी. रोज रात्री मीटरचा आकडा, गिझरची मिनिटे आणि सिलिंडर लावल्याची तारीख त्यांनी लिहावी. महिन्याअखेरीस वडीलधाऱ्यांनी ती वही दुकानाच्या खातेवहीइतक्याच गांभीर्याने तपासावी. मुलांना धडा समजेल आणि घराला गळती कोठे आहे ते कळेल.