चाळीस हजारांचे ड्रोन आणि हजार कोटींचे विमान
खासगी उपग्रह व स्वस्त ड्रोन यांमुळे युद्धाचे गणित बदलले. ओझरसाठी त्याचा अर्थ काय?

निफाड - द्राक्षे, कांदा आणि हिवाळ्यातील कडाक्याची थंडी यांसाठी निफाड तालुक्याचे नाव राज्यभर घेतले जाते. देशाच्या संरक्षणाच्या नकाशावर मात्र हा तालुका ओझरमुळे आहे. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी येथे उभ्या राहिलेल्या कारखान्यातून पुढे सुखोई-३० विमाने बाहेर पडली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत आकाशात झेप घेतली. तालुक्यासाठी हा अभिमानाचा दिवस होता.

त्याआधी साडेचार महिने, १ जून २०२५ रोजी, रशियात घडलेली घटना ओझरसारख्या प्रत्येक ठिकाणाला विचार करावयास लावणारी आहे. युक्रेनच्या गुप्तचर यंत्रणेने साध्या मालमोटारींत लाकडी खोल्यांच्या छपराखाली ड्रोन दडवून ते रशियाच्या हवाई तळांजवळ नेले. तेथून उडालेल्या ११७ ड्रोननी धावपट्टीलगत उभी असलेली लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने पेटविली. यातील एक तळ युक्रेनच्या सीमेपासून चार हजार किलोमीटरहून अधिक दूर, सैबेरियात होता. ४१ विमानांना फटका बसल्याचा युक्रेनचा दावा आहे. नेमका आकडा काहीही असो, सीमेपासूनचे अंतर म्हणजे सुरक्षितता, हा समज त्या दिवशी मोडीत निघाला.

आकाशातील विकत मिळणारा डोळा

या बदलाचा पहिला धागा खासगी उपग्रहांचा आहे. एके काळी शत्रूच्या तळाचे आकाशातून छायाचित्र घेणे केवळ महासत्तांना शक्य होते. १९९९ मध्ये इकोनॉस हा एक मीटरपर्यंतचा तपशील टिपणारा खासगी उपग्रह अवकाशात गेला आणि ही मक्तेदारी संपू लागली. २००१ मध्ये अफगाणिस्तानातील युद्ध सुरू होताच अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या उपग्रहाच्या त्या भागातील छायाचित्रांचे सर्व हक्क विकत घेतले. इतरांच्या हाती ती पडू नयेत, यासाठी खुद्द अमेरिकेलाही पैसे मोजावे लागले, ही बाब लक्षणीय होती.

२०२२ मध्ये चित्र आणखी पालटले. कीव्हकडे निघालेला रशियन सैन्याचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा मॅक्सार या खासगी कंपनीच्या छायाचित्रांतून जगाने घरबसल्या पाहिला. युद्धाच्या पहिल्याच दिवशी युक्रेनी सैन्य वापरीत असलेल्या एका उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा संपर्काची उणीव इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकने भरून काढली. तोफखान्याला लक्ष्य कळविणे, ड्रोनची दृश्ये मुख्यालयात पोचविणे ही कामे त्यावरच चालू लागली.

मात्र भाड्याचा डोळा मालकाच्या मर्जीनेच उघडा राहतो. क्रिमियालगत स्टारलिंकची सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती मस्क यांनी मान्य केली नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने युक्रेनला मिळणारी खासगी उपग्रहांची छायाचित्रे काही दिवस रोखून धरली. एका उद्योगपतीचा किंवा मित्रराष्ट्राचा निर्णय रणांगणावरील सैनिकाला थेट भोवू शकतो, हे यावरून दिसून आले.

भारताला हा धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारतीय सैन्याच्या हालचालींची ताजी माहिती चीनकडून पाकिस्तानला मिळत होती, असे लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंग यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. टेहळणीसाठी ५२ उपग्रहांची साखळी उभारण्यास केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्येच मंजुरी दिली होती. त्यातील ३१ उपग्रह खासगी क्षेत्राने बांधावयाचे आहेत. खासगी उद्योग टाळून नव्हे, तर तो देशाच्या कायद्याखाली आणून हा प्रश्न सोडविण्याची ही दिशा आहे.

ओझरलाही याची झळ वेगळ्या रीतीने जाणवते. येथील कारखान्याची गोपनीय माहिती पाकिस्तानी हस्तकांना पुरविल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२० मध्ये एका कर्मचाऱ्यास दहशतवादविरोधी पथकाने अटक केली होती. आत काय चालते, हे कळण्यासाठी आजही फितूर लागतो. पण धावपट्टीवर किती विमाने उभी आहेत, कोणते नवे छप्पर उभे राहिले, एवढे कळण्यास आता उपग्रहाच्या छायाचित्राचे पैसे पुरेसे आहेत.

स्वस्ताईचे गणित

दुसरा धागा पैशाचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ओझरच्या कारखान्याला १२ सुखोई विमानांची मागणी दिली. साधनसामग्री व करांसह तिची किंमत सुमारे साडेतेरा हजार कोटी रुपये, म्हणजे विमानामागे अकराशे कोटींहून अधिक होते. युक्रेनच्या आघाडीवर वापरले जाणारे साधे स्फोटकवाहू ड्रोन ४०० ते ५०० डॉलरना, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास तयार होते.

खरी अडचण बचाव करणाऱ्याची होते. एका स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र डागले, तर ड्रोन पडूनही तोटा डागणाऱ्याचाच होतो. मे २०२५ मध्ये एकाच रात्री पाकिस्तानने लेह ते सर क्रीकदरम्यान ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठविले. भारतीय हवाई संरक्षण व्यवस्थेची चाचपणी करणे हा त्यामागील एक हेतू असावा, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. त्यांना पाडण्यात क्षेपणास्त्रांबरोबरच एल-७० ही सुधारणा केलेली जुनी तोफही उपयोगी पडली. स्वस्त हल्ल्याला स्वस्त उत्तरच परवडते, हा त्याचा बोध होय.

महाराष्ट्रात या दिशेने काम झाले आहे. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने 'नागास्त्र-१' हे सुमारे नऊ किलो वजनाचे आत्मघातकी ड्रोन बनविले. लष्कराने मागविलेल्या ४८० पैकी पहिली १२० ड्रोन जून २०२४ मध्ये सुपूर्द झाली. ड्रोनच्या थव्यांविरुद्ध याच समूहाच्या 'भार्गवास्त्र' या छोट्या अग्निबाणांच्या यंत्रणेची चाचणी मे २०२५ मध्ये झाली. पायदळाच्या प्रत्येक तुकडीत ड्रोन पथक असेल, अशी घोषणा लष्करप्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये केली.

म्हणून मोठी विमाने निरुपयोगी ठरली, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्यासाठी सुखोई विमानात ओझर येथेच फेरबदल करण्यात आले आणि २०१६ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. शेकडो किलोमीटरवरील मजबूत लक्ष्य उद्ध्वस्त करण्याची ती क्षमता चाळीस हजारांच्या ड्रोनमध्ये नाही. बदल झाला आहे तो असा, की विमान आकाशात जितके बलवान, तितकेच ते जमिनीवर उभे असताना दुबळे ठरू लागले आहे.

शेतातील यंत्र, रणातील शस्त्र

तिसरा पेच थेट शेताच्या बांधावर येतो. पिकांवर औषध फवारणारे ड्रोन साधारण दहा लिटरची टाकी उचलते. टाकीच्या जागी तेवढ्याच वजनाचे स्फोटक बांधले, की तेच यंत्र शस्त्र होते. युक्रेनमध्ये शेतीच्या ड्रोनचा असा वापर झालेला आहे. १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची केंद्राची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. मजुरांची टंचाई आणि औषधाचा वाढता खर्च पाहता द्राक्ष उत्पादकालाही हे यंत्र हवेच आहे. पण निफाडचा शेतकरी विमानतळाच्या आणि विमान कारखान्याच्या शेजारी शेती करतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात केवळ २०० फुटांपर्यंतच विनापरवाना उड्डाण करता येते. त्याच्या आत परवानगी सक्तीची आहे. केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. नोंदणी, प्रशिक्षण आणि तत्काळ मिळणारी परवानगी यांची सोय तालुक्याच्या पातळीवर झाली, तर प्रामाणिक शेतकरी आणि संशयास्पद उड्डाण यांतील फरक पोलिसांना ओळखता येईल.

ओझरसमोरील काम दुहेरी आहे. विमाने बांधण्याचा वेग वाढविणे हे एक. ती जेथे उभी राहतात तेथे भक्कम छपरे, जाळ्या, ड्रोनचे संदेश अडविणारी यंत्रणा आणि लगतच्या मुंबई-आग्रा महामार्गावर डोळस नजर ठेवणे हे दुसरे. अकराशे कोटींच्या विमानापुढे छपराचा खर्च नगण्य आहे. रशियाने तो वेळेवर केला नाही.