रोजा ठेवण्याआधी गोळीबद्दल विचारा

रमजान जवळ आला की सातारा-सांगलीतल्या घरांत मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे अब्बू डॉक्टरांना उघडपणे विचारतात. त्याच घरात मनाच्या आजारावर गोळ्या घेणारी मुलगी मात्र कुणालाच विचारत नाही. दुपारची गोळी ती गुपचूप सोडते. हे गप्प बसणं धोक्याचं आहे.

लिथियमचंच घ्या. बायपोलर आजारात दिलं जाणारं हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, आणि उपयोगी प्रमाण व घातक प्रमाण यांत अंतर थोडंच असतं. म्हणून रोजा ठेवायचा की नाही, हे रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून, रक्त तपासून ठरवावं. उलट्या, जुलाब, हातांचा वाढता कंप, तोल जाणं असं काही दिसलं तर रोजा सोडून थेट दवाखाना गाठावा. नैराश्याच्या अनेक गोळ्या दिवसातून एकदाच असतात. त्यांची वेळ इफ्तारनंतर नेता येते का, हे विचारावं. पण अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं आणि आजार उलटणं, हे सगळं होऊ शकतं.

रमजानशिवायही विचारायच्या वेळा आहेत. दिवसभर गुंगी राहते, वजन वाढतंय, पाळी चुकते, मूल हवं आहे, दुसऱ्या आजाराचं औषध सुरू झालं, किंवा आता अगदी बरं वाटतंय. ही शेवटची वेळ सर्वांत फसवी. बरं वाटतंय ते अनेकदा गोळीमुळेच.

‘डॉक्टरांना राग येईल’ ही भीती सोडा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार आणि दुष्परिणाम यांची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे.

आणि ‘विचारणं म्हणजे ईमान कच्चं’ हेही सोडा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीतच आहे. मनाचा आजार हाही आजारच. मिरजेत ख्वाजा मिरासाहेबांचा दर्गा आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. दुआ मागायला जरूर जा, पण दवेची चिठ्ठी फाडून नको.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीसाठी ‘परिवर्तन’ उभी केली. हमीद दलवाईंचं नाव घेतलेला त्यांचा मुलगा हमीद आज मनोविकारतज्ज्ञ आहे. आपल्याच मातीत ही वाट आहे.

दवाखाना लांब असेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आजच एका कागदावर तीन गोष्टी लिहा: गोळ्यांची नावं, होणारा त्रास आणि तुमचा प्रश्न. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. अम्मीला सोबत न्या.