मालकाच्या हातातील परवाना



आइसलंड हे उत्तर अटलांटिक महासागरातील एक बेट. लोकसंख्या सुमारे चार लाख. स्वतःचे सैन्य नाही. स्त्री-पुरुष समतेच्या जागतिक मोजमापात हा देश वर्षानुवर्षे अग्रस्थानी आहे. अशा देशात माणसांचा व्यापार होत असेल, हे आपणांस खरे वाटणार नाही. परंतु तो होतो. त्याच्याशी झगडताना त्या देशाचा कायदा कोठे अडखळला, हे आपण पाहावे. कारण वेठीची गाठ नेमकी कोठे बसते, हे तेथे स्पष्ट दिसते.

या देशाला बंधन अपरिचित नव्हते. १६२७ साली उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी तेथील शेकडो माणसे धरून नेली व अल्जीयर्सच्या बाजारात विकली. ते परक्यांचे कृत्य. घरचे बंधन निराळे होते. ज्याला स्वतःची शेती नाही, त्याने कोणातरी शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने राहिलेच पाहिजे, असा तेथे शतकानुशतके दंडक होता. त्याला ‘विस्तारबांद’ म्हणत. वर्ष संपल्यावर मालक बदलता येई. बिनमालकाचे राहता येत नसे! एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८९४च्या कायद्याने, हे बंधन सैल झाले आणि माणसे समुद्रकाठच्या मासेमारीच्या गावांकडे मोकळी निघाली.

आता आजच्या कायद्याकडे या. २००३ साली तेथील दंडसंहितेत मानवी व्यापाराचा स्वतंत्र गुन्हा घातला गेला. पुढे त्याची कमाल शिक्षा आठ वर्षांवरून बारा वर्षांवर नेण्यात आली. २००९ साली शरीर विकत घेणाऱ्यास गुन्हेगार ठरविले. विकावे लागणाऱ्या स्त्रीस नाही. हा भेद मला अत्यंत न्याय्य वाटतो. आपल्याकडे अशा प्रकरणात पोलीस प्रथम कोणाला धरतात, हे सांगावयास नको. त्याच २००९ साली लिथुएनियाहून आणलेली एक तरुणी विमानात भेदरून गेली, म्हणून प्रकरण उजेडात आले, आणि २०१० साली पाच पुरुषांस शिक्षा झाली. ती त्या कायद्याखालील पहिली दोषसिद्धी. त्यानंतरची दहा वर्षे मात्र कोरी गेली.

गुन्हे थांबले होते म्हणून? मुळीच नाही. २०१६च्या फेब्रुवारीत दक्षिण किनाऱ्यावरील वीक या लहानशा गावी एका घराच्या तळघरात लोकरीच्या कपड्यांच्या कामाला जुंपलेल्या श्रीलंकेच्या दोन स्त्रिया पोलिसांना आढळल्या. संशयिताला अटक झाली, वर्तमानपत्रे भरली. परंतु मानवी व्यापाराचा खटला उभा राहिलाच नाही.

वकील म्हणून सांगतो, अशा खटल्यात साखळदंड पुराव्यात येत नाही. दार बहुधा उघडेच असते. आरोपीचा वकील विचारतो, ‘ती का निघून गेली नाही?’ याचे उत्तर तिच्या कागदपत्रांत असते. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील कामगारास आइसलंडमध्ये परवाना लागत नाही. आशियातून आलेल्यास लागतो. आणि २००२च्या कायद्याने तो ठराविक मालकाकडील कामापुरता देण्याची पद्धत घातली. मालकास सोडले की परवाना गेला, परवाना गेला की मुक्काम गेला. १८९४ साली आपल्या भूमिहीनांच्या पायातून काढलेली बेडी त्या देशाने पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवली, असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल काय?

‘तिने संमती दिली होती,’ हा बचावही असाच पोकळ. आपल्या घटनेच्या २३व्या कलमाने मानवी व्यापार व वेठबिगार एकाच वाक्यात निषिद्ध केली आहे. १९८२ साली एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर राबविणे हीही सक्तीच, कारण पोटाची भूक हीसुद्धा सक्ती करते. आइसलंडने २०२१ साली आपली व्याख्या वाढवून सक्तीचा विवाह, भीक मागावयास लावणे असे प्रकार तीत घातले, ते योग्यच झाले.

एका बाबतीत मात्र त्या देशाकडून आपण शिकावे. तेथे दहा कामगारांपैकी जवळजवळ नऊ कामगार संघटनेचे सभासद असतात, आणि २०१०च्या एका कायद्याने संघटनांच्या निरीक्षकांस कामाच्या जागी जाऊन तपासणी करण्याचा अधिकार दिला आहे. पोलीस तक्रारीची वाट पाहतो. हा निरीक्षक स्वयंपाकघरात शिरून विचारतो, ‘पगार किती, आणि झोपता कोठे?’

मार्च २०२४ मध्ये उपाहारगृहे, निवासगृहे व सफाईचे काम करणाऱ्या एका उद्योगसमूहावर पोलिसांनी अनेक गावी एकदम छापे घातले. कामगार प्रामुख्याने व्हिएतनामचे. परवान्यासाठी त्यांच्याकडून मोठ्या रकमा उकळल्या आणि बँकेत जमा केलेल्या पगारातील भाग परत घेतला, असा आरोप होता. म्हणजे हिशेबाच्या वहीत पगार पुरा! कायद्याचे पालन दाखविण्याची ही युक्ती आपल्याकडील ठेकेदारांसही ठाऊक आहे.

परंतु त्या छाप्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कामगारांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मालक कोठडीत, दुकानांना कुलपे, आणि परवाना त्याच दुकानांपुरता. पीडितास विचारासाठी नऊ महिन्यांचा मुक्काम देण्याची तरतूद तेथील परकीयांविषयीच्या कायद्यात आहे, पण त्यासाठी आधी पीडित म्हणून मान्यता मिळवावी लागते. जबानी देण्यापूर्वी तो कामगार मनाशी एकच हिशेब करतो: उद्या मी या देशात असेन की नाही?