तळ्याला मालक सहा, बाई एकही नाही

पुसेगावला बचतगटाच्या बायकांचे शिबिर होते. आजूबाजूच्या गावांतून, थेट येलदरीच्या पाण्याला लागून असलेल्या वस्त्यांवरूनही बायका आल्या होत्या. दुपारच्या सत्रात आम्ही जमिनीवर खडूने येलदरीचे तळे काढले आणि विचारले, या पाण्याबद्दल काही अडचण आली तर जायचे कुणाकडे? एकेक उत्तर येत गेले, तशी एकेक चिठ्ठी काठावर ठेवत गेलो. पाणी कधी सोडायचे ते पाटबंधारे खाते ठरवते. वीज करायची ती वीजकंपनी. मासळीचे मत्स्यव्यवसाय खाते. काठावरच्या अतिक्रमणाचे तहसील. नळयोजनेचे जिल्हा परिषद. झाडीचे वनखाते. सहा चिठ्ठ्या झाल्या. मग विचारले, आणि तुमची चिठ्ठी कुठे ठेवायची? थोडा वेळ कुणीच बोलले नाही. शेवटी भोई समाजातली एक बाई म्हणाली, "आमी तर पाण्यातच उभ्या असतो की. आमाला कशाला चिठ्ठी?"

सगळ्या हसल्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. तळ्याची निगा या विषयावर मला जे म्हणायचे आहे, ते त्याच वाक्यापासून सुरू होते.

मैत्रिणींनो, पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच्या खाली सिद्धेश्वर. येलदरीचा उपयुक्त साठाच सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर. हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांतली शेते आणि गावे या पाण्यावर जगतात. पण सरकारी दप्तरात हा फक्त 'साठा' आहे. किती टक्के भरला, किती आवर्तने द्यायची, एवढाच त्याचा हिशोब. प्रत्यक्षात अर्ध्या शतकाहून जास्त काळ पाणी साचून राहिलेली ही जागा आता एक जिवंत तळे झाली आहे. त्यात मासे आहेत, पाणवनस्पती आहेत, थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, काठाला माणसे राहतात, जनावरे पाणी पितात. दरवर्षी गाळ येतो. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यावर खाली येणाऱ्या पाण्याचे गणितही बदलले. या सगळ्याकडे एकत्र बघणारे कुणी नाही.

कायद्यानेही ते बघायचे टाळले आहे. केंद्र सरकारचे २०१७ चे पाणथळ जागांबाबतचे नियम काढून पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. मराठवाड्यात निसर्गाने दिलेली गोड्या पाण्याची मोठी सरोवरे आहेतच किती? आपली मोठी तळी म्हणजे आपली धरणे. तीच वगळली, तर राखायचे काय उरले? आणि हे अशक्य आहे असेही नाही. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हे माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेले पाणी. ते १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. म्हणजे मनात आणले तर बंधाऱ्यामागच्या पाण्यालाही तळे म्हणता येते.

तेव्हा सगळ्या खात्यांनी एकत्र बसले पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. एक खाते गाळ काढते, दुसरे त्याच वेळी मत्स्यबीज सोडते, तिसरे काठावरची झाडे तोडू देते. अशाने तळे सुधारत नाही, फक्त बिले निघतात. पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. सहा खाती एका टेबलाभोवती बसली म्हणजे तळे वाचते, हे खरे नाही. त्या टेबलाशी सातवी खुर्ची कुणाची, यावर सगळे अवलंबून आहे.

पूर्व विदर्भाचे उदाहरण घेऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या कसबी लोकांनी ते बांधले. नवेगाव बांध त्यातलाच एक मोठा. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासळीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, आसपासचे रान वनखात्याकडे. मालगुजार काही देव नव्हता, पण तलावाकडे बघणारा एक माणूस होता. तो गेला आणि त्याच्या जागी चार खाती आली. पाळी फुटल्या, गाळ साचला, बेशरम माजली. तलाव म्हणजे कटला-रोहूचे बीज टाकायची टाकी, असे झाले. गावठी मासे कमी झाले आणि त्यांच्यावर जगणारा ढिवर समाज मजुरीला लागला.

हे चित्र काही गावांत पालटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ढिवरांनाच विचारले की पूर्वी तलावात काय काय उगवत होते, कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालायचा. त्या माहितीवर काम उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी आटले की बेशरम मुळासकट काढायची, तळाची जमीन नांगरायची, देशी पाणवनस्पती लावायच्या. पाऊस पडला की त्या वाढतात, माशांना खाद्य आणि आसरा मिळतो, मासे आले की पक्षी येतात. यासाठी ग्रामपंचायत लागली, मच्छीमार संस्था लागली, काही ठिकाणी रोजगार हमीची कामेही लागली. खात्यांचा मेळ म्हणतात तो असा, तळाच्या चिखलातून वर आलेला.

आणि त्या चिखलात कोण उभे होते? बायका. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या कार्यकर्तीने बायकांना गोळा केले, तेव्हा बेशरम उपटण्यापासून वनस्पती लावण्यापर्यंत कामाला त्या होत्या. पण त्यांनी तेवढ्यावर थांबायचे नाकारले. ग्रामसभेत जायचे, तिथे तोंड उघडायचे, तलावाबद्दल निर्णय होताना आपण हजर असायचे, हे त्यांनी मिळवले. मला या कामातली खरी दुरुस्ती हीच वाटते. तलाव सुधारला म्हणून बायका पुढे आल्या असे आपण सांगतो. उलटे सांगायला हवे. बायका पुढे आल्या म्हणून सुधारलेला तलाव टिकण्याची आशा आहे.

याच भागात सारस पक्ष्यांसाठी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या झाल्या. चांगलेच झाले. पण पक्ष्यासाठी जे सुचले ते बाईसाठी अजून कुणाला सुचलेले नाही, हेही नोंदवून ठेवू.

आता दुसरी बाजू. मणिपूरचे लोकताक हे ईशान्येतले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. १९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा झाला, पाण्याची पातळी वर्षभर चढी राहू लागली, शेते बुडाली, तरंगत्या वनस्पतींच्या थरांचे, ज्यांना तिथे फुमदी म्हणतात, त्यांचे चक्र बिघडले. सरोवर १९९० मध्ये रामसर यादीत गेले आणि १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळ जागांच्या नोंदीत. सरोवरासाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण होते. २००६ मध्ये खास कायदाही झाला. म्हणजे समन्वयासाठी जे जे लागते असे आपण म्हणतो, ते सगळे होते. आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये काय झाले? फुमदींवर राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांच्या शेकडो झोपड्या सरोवर स्वच्छ करण्यासाठी म्हणून जाळण्यात आल्या. बंधारा मात्र जागच्या जागी राहिला. ज्या बायका त्या पाण्यात जाळे टाकत होत्या, मासळी वाळवून बाजारात विकत होत्या, त्याच 'अतिक्रमण' ठरल्या. खाती एकत्र आली, पण कुणाविरुद्ध? जिच्याकडे चिठ्ठी नव्हती तिच्याविरुद्ध.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाई म्हणजे निसर्ग, बाईला पाण्याची जात्याच माया, म्हणून तिला समितीत घ्या, असे पुष्कळदा म्हटले जाते. ऐकायला गोड वाटते, पण ते आपल्याला नको. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी १९९० च्या दशकातच या भाबडेपणाला विरोध केला होता. बाईचे पाण्याशी नाते तिच्या कामातून, गरिबीतून आणि हक्क नसण्यातून घडते, रक्तातून नव्हे. आणि सगळ्या बायकांचे हित सारखेही नसते. शिबिरात हेच दिसले. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. भूमिहीन बाईला ती गाळपेराची दोन काकरे म्हणजे वर्षाचे धान्य. पण गाळपेरात मारलेले औषध आणि खत पावसात थेट पाण्यात उतरते, आणि मासे मेले की भोयाच्या बाईची चूल विझते. दोघी शेजारी बसल्या होत्या, दोघी गरीब होत्या आणि दोघींचेही खरे होते. आवाज चढले, एक उठून बाहेरही गेली. पण अर्ध्या तासाने ती परत आली आणि त्या दोघींतच बोलणे निघाले की काठाला लागून एवढी पट्टी औषधाविना ठेवता येईल का. मला सांगा, सहा खात्यांच्या कोणत्या बैठकीत हा प्रश्न निघाला असता? पाटबंधारेवाला गाळपेराची पावती फाडतो, मत्स्यवाला ठेक्याची. दोन पावत्यांमधले भांडण फक्त त्या दोन बायकांना दिसते.

म्हणून सातवी खुर्ची मागायची ती मेहरबानी म्हणून नाही. आणि 'विशेष निमंत्रित' म्हणूनही नाही. निमंत्रिताला चहा मिळतो, मत मिळत नाही. खुर्ची कागदावरच्या नावाने मिळते, आणि आपली नावे कागदावर नाहीत, हे खरे दुखणे आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्था आल्या, पण सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. सातबारावर नाव नाही ती बाई पाणी देईल, दारे धरेल, पण सभासद होणार नाही. मच्छीमार संस्थांतही बहुतेक ठिकाणी जाळे टाकणारा तो मच्छीमार. जाळे विणणारी, मासळी निवडणारी, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव विकणारी मच्छीमार नाही. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकांच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तो किती दूरचा होता हे आता कळते. जमिनीवर नाव नाही म्हणून पाण्यावर हक्क नाही, आणि पाण्यावर हक्क नाही म्हणून तळ्याच्या निर्णयात जागा नाही.

पाण्याचा हक्क मागावा लागतो, हे तर आपल्याला महाडने शिकवले आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी उचलले गेले, ते तहान भागवायला नव्हे. हे तळे आमचेही आहे, एवढे सांगायला. आज आपल्याला तेच वाक्य तळ्याच्या कारभाराबद्दल म्हणायचे आहे.

तर येलदरी-सिद्धेश्वरसाठी आपण चार मागण्या घेऊन उभ्या राहू. एक, दोन्ही जिल्ह्यांच्या सगळ्या खात्यांची एकच समिती असावी आणि तिच्या बैठका काठावरच्या गावात व्हाव्यात, जिल्ह्याच्या बंद दालनात नव्हे. दोन, त्या समितीत मासळीवाल्या, गाळपेरवाल्या आणि पाणी भरणाऱ्या बायका मताधिकारासह असाव्यात आणि बैठकीच्या दिवसाची त्यांची मजुरी भरून मिळावी. रोज बुडवून कोण बाई समितीला येणार? तीन, मच्छीमार संस्थेत नवरा-बायको दोघांचे सभासदत्व. चार, सुधारणेच्या नावाखाली एकही घर, एकही जाळे उठवायचे असेल तर आधी ग्रामसभेत, बायकांच्या हजेरीत, ठराव झाला पाहिजे. ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा आपल्या आहेत. २०११ पासून आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायकांनी हा ठराव मांडायचा नाही तर कुणी?

या कामाला वेळ लागेल. पहिल्या वेळी अर्ज घेणारा कारकूनच म्हणेल, बाई, हा विषय आमच्या खात्याचा नाही. म्हणू द्या. त्याच्याकडून तेवढे लिहून घ्या आणि पुढच्या खात्यात जा. सहाही खात्यांची तशी सहा पत्रे जमली की आपली बाजू आपोआप सिद्ध होते. हे तळे कुणाच्याच खात्याचे नाही, म्हणून ते सगळ्यांनी मिळून बघायचे आहे, आणि त्या सगळ्यांत आपण आहोत.

शिबिर संपले तेव्हा जमिनीवरचा खडू पुसायला मी वाकले, तर ती भोयाची बाई म्हणाली, "थांबा वो ताई." तिने एक कागद घेतला. लिहिता येत नव्हते, म्हणून त्यावर अंगठा उमटवला आणि तो बरोबर तळ्याच्या मधोमध ठेवला.

सातवी चिठ्ठी तयार आहे. आता टेबल कुठे मांडायचे तेवढे ठरवायचे आहे.