केबिनचा भाव ठरतो, पण ती शेतात पोचवायची कोणी?

तयार पोर्टा केबिन आता फक्त टोलनाक्यावर किंवा रस्त्याच्या साइटवर दिसत नाहीत. फाट्यावरचं चहाचं दुकान, कृषी सेवा केंद्राचं गोडाऊन, शेतातली राखणीची खोली, अशा कामांसाठी त्या खेड्यांतही येऊ लागल्या आहेत. गवंडी शोधा, वाळू आणा, पाणी मारा ही कटकट नाही, म्हणून लोकांचा ओढा तिकडं आहे.

पण सौदा होतो तो लांबी-रुंदी, रंग आणि खिडक्यांवर. कोटेशनच्या तळाला 'वाहतूक व उतरवणी वेगळी' अशी एखादी ओळ असते. जास्तीचा खर्च आणि जिवाचा धोका, दोन्ही त्याच ओळीत दडलेले असतात.

रस्ता असेल तिथंच केबिन

जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर चढू शकले नाहीत, बचावाचं काम माणसांना हातानं करावं लागलं. वाचलेल्या कुटुंबांना पुढं तात्पुरता निवारा म्हणून कंटेनर दिले गेले, ते खाली चौक गावाजवळ, जिथं गाडी पोचते तिथं. प्रसंग फार मोठा आणि दुःखाचा होता, पण एक गोष्ट त्यातून कळते. तयार घर कुठं बसणार हे शेवटी रस्ताच ठरवतो.

शेतातही तेच. नेहमीची केबिन २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साधारण साडेआठ फूट उंच असते. शेतरस्ता ३ ते ४ मीटर, म्हणजे १० ते १३ फूट रुंद असला तरी सरळ वाटेत गाडी जाते. अडते ती वळणावर, नळकांड्याच्या मोरीवर आणि दोन्ही बाजूंनी झुकलेल्या बाभळीखाली. शेजाऱ्याच्या रानातून गाडी न्यायची असेल तर पीक निघाल्यावरच न्यावी आणि आधी त्याला विचारावं. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र त्याला वेळ लागतो. गाडी फाट्यावर उभी करून तो वाद मिटत नसतो.

तारेचा हिशेब

सगळ्यात मोठा धोका वरून आहे. नियमाप्रमाणं ११ केव्हीची तार रस्ता ओलांडते तिथं किमान ६.१ मीटर म्हणजे २० फूट उंच हवी. रस्ता सोडून रानात मात्र उघड्या तारेला ४.६ मीटर म्हणजे १५ फूट चालतात. तीही कागदावरची उंची. खांब कलले, तार झोळ पडून खाली आली, हे शिवारात कोणीही दाखवील.

आता हिशेब करा. ट्रकचा हौदा जमिनीपासून चार-साडेचार फूट. त्यावर साडेआठ फुटांची केबिन. झाले १३ फूट. ती उचलायला हायड्रा आली की केबिनच्या वर साखळ्या, साखळ्यांच्या वर हूक आणि त्याच्याही वर बूम. म्हणजे बूमचं टोक २० फुटांच्या पुढं गेलं. १५ ते २० फुटांवर तार असेल तर ती बरोबर बूमच्या वाटेत येते. ११ केव्हीला टेकायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी करंट उडी मारतो. अशा वेळी केबिनला हात लावून 'घ्या, अजून घ्या' म्हणणारा गडी सगळ्यात आधी सापडतो.

त्यामुळं तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात आधी अर्ज देऊन लाइन रीतसर बंद करून घ्यावी. 'वायरमनला फोन केलाय' एवढ्यावर हायड्रा चालू करू नये. केबिन बसवायची जागाही तारेखाली नको. ११ केव्हीच्या तारेपासून इमारतीचं छत उभ्या अंतरात किमान ३.७ मीटर आणि आडव्या अंतरात १.२ मीटर दूर हवं, असा नियम आहे.

काळ्या रानातला पाया

'पाया लागत नाही' असं विक्रेते सांगतात. मुरमाड जागेत ते थोडंफार चालून जातं. काळी जमीन मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते दगड लावून ठेवलेली केबिन एका कोपऱ्यात खचते, मग दार अडतं आणि छताच्या सांध्यातून गळतं. मुरूम भरून, दाबून, पाणी हटेल एवढ्या उंचीवर काँक्रीटचे ठोकळे लेव्हलमध्ये घ्यावेत. केबिन त्यांना बोल्टनं बांधावी, कारण वळवाचं वारं हलकं छत आणि हलकी खोली दोन्ही ओळखून असतं. पत्र्याची केबिन आहे, अर्थिंगही विसरू नये.

कागद कोणता लागतो?

'उचलून नेता येते, म्हणून परवानगी नको' हाही गैरसमज आहे. कायदा सिमेंट बघत नाही, जमिनीचा वापर बघतो. अवजारं, धान्य, चारा ठेवायला किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबाला अन् गड्याला राहायला केलेली खोली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघर म्हणून बसते. मोठ्या शहरांलगत मात्र त्यालाही परवानगी लागते. त्याच केबिनमध्ये हॉटेल किंवा दुकान थाटलं की बिगरशेतीचा विषय येतो. रस्त्याच्या कडेला ठेवायची असेल तर बांधकाम विभागाला आधी विचारलेलं बरं.

थोडक्यात, ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याचा माणूस जागेवर बोलवावा. फाट्यापासून शेतापर्यंत टेप लावून वळणं, मोऱ्या आणि तारा दाखवाव्यात. वाहतूक, हायड्रा, थांबल्याचं भाडं आणि उतरवताना मोडतोड झाली तर ती कोणाच्या अंगावर, हे कोटेशनवरच लिहून घ्यावं. गाडी आत जातच नसेल तर सुटे पॅनेल आणून जागेवर जोडायची केबिनही मिळते. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते आणि तिला हायड्रा लागत नाही.